मानधन नाही, तरी जाब हवा

वार्षिक सभा जवळ आली की मंडळीत एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘आम्ही इतकी वर्षं एक पैसा न घेता करतोय.’ शब्बाथशाळा, गायकवृंद, तरुण संघ, महिला मंडळ हे सगळं बिनपगारी माणसांवर चालतं, हे खरंच. पण कुणी हिशेब विचारला किंवा नवं नाव सुचवलं की नेमकं तेव्हाच हे वाक्य पुढे येतं, आणि त्यात मालकीचा सूर असतो.

पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात वडीलजनांना तीन गोष्टींपासून सावध केलं आहे : नाइलाजाने केलेली सेवा, लोभाने केलेली सेवा आणि कळपावर हुकमत. पैसा नाकारला की लोभाचा प्रश्न बहुधा मिटतो. हुकमतीचा मात्र तिथूनच सुरू होऊ शकतो. पगारी पाळकांची बदली होते. फुकट राबणाऱ्याला जाब कोण विचारणार?

नुसता त्याग पुरतो का, ते दोन उदाहरणांत पाहा. रेव्ह. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनी तिथे एकत्र यावं, ही त्यांची कल्पना. त्याग मोठा होता; पण १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबाराला तो जोम राहिला नाही. केडगावच्या मुक्ती मिशनचं वेगळं झालं. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींना केवळ आसरा दिला नाही, कामं शिकवून जबाबदारी दिली. रमाबाईंनी भाषांतरित केलेल्या बायबलचे खिळे मुक्तीतल्याच स्त्रियांनी जुळवले. १९२१ मध्ये कन्या मनोरमाबाई गेल्या, १९२२ मध्ये स्वतः रमाबाई गेल्या; काम आजही चालू आहे.

आता आपल्याकडे पाहू. जाब मंडळीलाच नव्हे, ज्यांची सेवा करतो त्यांनाही द्यावा लागतो. समजा, पुण्यातल्या एखाद्या तरुण संघाने राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्यात आरोग्य शिबिर ठरवलं आणि सगळ्यांना सोयीचा म्हणून जुलैतला रविवार धरला. त्या दिवसांत मावळातली माणसं भातलावणीला चिखलात उभी असतात. शिबिराला येणार कोण? आधी ग्रामपंचायतीला आणि आशाताईंना विचारावं. रक्तदाब निघाला तर पुढच्या महिन्याच्या गोळ्या कुठून मिळतील, तेही ठरवावं. आणि औषधाबरोबर धर्मप्रसाराच्या पत्रिका वाटू नयेत. आजारी माणसाला नको म्हणायची मोकळीक नसते. मग आपल्या बाजूची स्वेच्छा कितीही खरी असली तरी ती अर्धीच उरते.

म्हणून काही सूचना. प्रत्येक बिनपगारी पदाला तीन वर्षांची मुदत असावी. हिशेब लेखी असावा. एसटीचं भाडं आणि जेवणाचा खर्च मंडळीने द्यावा, नाहीतर रोजंदारीवरची माणसं पुढारपणात कधी येणारच नाहीत. पदं पेन्शनरांकडेच राहतील. प्रत्येक प्रमुखाबरोबर एक शिकणारा असावा, शक्यतो वयाने लहान आणि नात्याबाहेरचा.

येत्या सभेच्या अहवालात ‘काय केलं’ याच्या शेजारी ‘कुणाला शिकवलं’ असा एक रकाना घाला. ज्याचा रकाना तीन वर्षं कोराच राहील, त्याचे आभार मानून पद मोकळं करून घ्या.