मिसची आल्टो

कॉलेजात आम्ही त्यांना नुसतं 'मिस' म्हणायचो. सकाळी कॉमर्सच्या पोरांना इकॉनॉमिक्स आणि दुपारी चारनंतर कॉयर. इकॉनॉमिक्सला बंक मारणारी मंडळीही चारच्या ठोक्याला म्युझिक रूममध्ये हजर! रूम कसली, जिन्याखालची अडगळ. तिथे एक म्हातारा पियानो होता, त्याच्या दोन पट्ट्या मुक्या. वाजवता वाजवता ती पट्टी आली की मिस तो सूर तोंडाने भरून काढायच्या, हात न थांबवता.

मी तिथे गेले ती सोलो मिळेल म्हणून. दादरच्या क्लासात गांधर्व महाविद्यालयाच्या तीन परीक्षा दिलेल्या, गणपतीत नाट्यगीतं गाऊन बक्षिसं घेतलेली. ऑडिशनला मी झकास मींड घेत वरच्या सुरावर गेले. मिस हसल्या. "छान गातेस गं. पण हे घसरगुंडीचं काम घरी. इथे जिना चढायचा, एकेक पायरी." आणि मला आल्टोत टाकून मोकळ्या झाल्या.

कॉयर म्हणजे फक्त ख्रिसमस कॅरोल्स असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडक्यात. चार ओळी एकाच वेळी चालतात. वर सोप्रानो, त्याखाली आल्टो, मग पुरुषांचे टेनर आणि बेस. गाण्याची चाल बहुतेकदा सोप्रानो पळवतात. बेसचा पाया असतो, त्यामुळे त्यांचाही रुबाब. आल्टो बिचारी मधल्या मजल्यावर. कधी कधी ती आठ-दहा मात्रा एकाच सुरावर उभी असते. मी घरी रियाज करायचे तेव्हा आजी विचारायची, "अगं, गाणं कधी सुरू होणार?"

आपल्या संगीतात मागे तानपुरा असतो आणि पुढे एकच ओळ. शेजारीण भलतंच काही गातेय आणि आपण आपल्या सुरावर ठाम, ही सवय कानाला नसते. पहिले दोन महिने माझा कान सारखा सोप्रानोंच्या मागे धावायचा. एकदा वैतागून मी मिसना म्हटलंच, की आमचं कोणाला ऐकूच जात नाही, मग गायचं कशाला?

मिसनी सगळ्यांना गायला लावलं आणि मध्येच हाताने आल्टोंना गप्प केलं. काय सांगू! गाणं एकदम पत्र्याच्या डब्यासारखं वाजायला लागलं. "बघ," त्या म्हणाल्या, "तू चांगली गायलीस तर कोणाला कळणार नाय. थांबलीस ना, तर सगळ्यांना कळेल."

त्यांचं शिकवणं असंच असायचं. लांब सूर असेल तर सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजारणीने घेतला की आपण धरून ठेवायचं, ती परत आली की आपण घ्यायचा. श्रोत्याला सूर अखंड वाटतो आणि कोणाचीच छाती फुटत नाही. दुसरं प्रकरण 'आ'चं. ठाण्याचा 'आ' वेगळा, वांद्र्याचा वेगळा, माझा तर थेट नाट्यसंगीतातला! सगळ्यांची तोंडं एका आकाराची होईपर्यंत मिस पुढे सरकायच्याच नाहीत. एका 'आ'वर अख्खा शनिवार गेलेला मला आठवतोय.

त्या गोव्याच्या. वडील गावच्या चर्चच्या शाळेत सोल्फा आणि व्हायोलिन शिकून मुंबईत आले आणि फिल्मी ऑर्केस्ट्रात वाजवत राहिले. हिंदी सिनेमाच्या त्या काळातल्या गाण्यांमागे अशी कितीतरी गोवेकर मंडळी आहेत. शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी गाण्यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसूझा हेही गोव्याचेच, पण ते नाव किती जणांना ठाऊक आहे? मुंबईच्या कॉयरचंही तसंच. डॉ. व्हिक्टर परांज्योतींनी 1956 मध्ये सुरू केलेला कॉयर 1967 पासून कूमी वाडियांनी सांभाळला. त्यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा माझ्या ऑफिसात 'या कोण?' असा प्रश्न आला. मिस असत्या तर त्यांनी पेढे वाटले असते.

मिस 2021 च्या एप्रिलमध्ये गेल्या.

त्याआधी वर्षभर त्या गप्पच होत्या. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका कॉयरची बातमी त्यांनीच आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली होती. 10 मार्च 2020 ला अडीच तासांची प्रॅक्टिस झाली, आलेल्या 61 जणांपैकी 53 आजारी पडले, दोघे दगावले. खाली मिसचं एकच वाक्य होतं : आता घरीच स्केल्स करा. आपण जे शिकवलं, म्हणजे जवळजवळ उभं राहून एकमेकांचा श्वास ऐकणं, तेच आता धोक्याचं झालंय, हे त्यांना काय वाटलं असेल? त्या बोलल्या नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

अंत्यविधीला तेव्हा वीस माणसांचीच परवानगी. ते वीस घरचेच झाले. आम्ही ठरवलं, गाऊन तरी पाठवू. झूमवर एकत्र गाणं होत नाही, आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो आणि तेवढ्यात कॉयरचा बट्ट्याबोळ होतो. मग प्रत्येकाने कानात ठेका लावून आपापली ओळ फोनवर रेकॉर्ड करायची आणि नंतर ती जोडायची. गाणं मिसचं लाडकं, मोझार्टचं 'आवे वेरुम कोर्पुस'. 1791 च्या जूनमध्ये, म्हणजे स्वतःच्या मृत्यूच्या सहाच महिने आधी, त्याने हे बाडेन गावातल्या एका कॉयरमास्टर मित्रासाठी लिहिलं. जेमतेम 46 मेझर्स, तीन-साडेतीन मिनिटं. गायकांसाठी सूचना एकच : दबल्या आवाजात.

मी बेडरूममधल्या कपाटात तोंड घालून गायले, साड्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणून. एकटीची आल्टो. श्वास कुठे घ्यायचा तेच कळेना, कारण धरून ठेवायला शेजारी कोणीच नव्हतं. सात टेक झाले. सातवा पाठवला.

पुढच्या वर्षी वर्षश्राद्धाच्या मिसाला मात्र आम्ही माझगावच्या चर्चमध्ये खरोखरचे उभे राहिलो. चाळिशीतले तेवीस जण, त्यात चार आल्टो. एक बँकेतली, एक डेंटिस्ट, एक दुबईहून खास आलेली. शेवटाकडे आधी बायका सुरू करतात आणि पुरुष मागून तेच धरतात. त्या जागी डेंटिस्टबाईंनी श्वास घेतला, मी सूर धरला, त्या परत आल्या, मी घेतला. वीस वर्षांनंतरही कोणी कोणाकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाहेर चहाच्या वेळी मिसची भाची भेटली. तिचे डोळे भरून आले होते. म्हणाली, "सोप्रानो काय सुंदर गायल्या!"

आम्ही चौघींनी एकमेकींना टाळ्या दिल्या.