पट्टी म्हणते ओके

"घरी स्विमिंग पूल आहे" असं म्हटलं की पुण्यातल्या मित्रांच्या डोळ्यांसमोर एकदम हिंदी सिनेमातला बंगला येतो. फिनिक्सला तसं काही नसतं हो. इथे साध्या मध्यमवर्गीय घराच्या मागेसुद्धा पूल असतो, आपल्याकडे गच्चीवर टाकी असते तसा. दादा-वहिनींनी २०२१ मध्ये घर घेतलं तेव्हा तो घराबरोबर आला. मी राहतो टेंपीला अपार्टमेंटमध्ये, पण शनिवार-रविवार मुक्काम दादाकडे. (वहिनीच्या हातची आमटी हे मुख्य कारण, पूल दुय्यम.)

तर २०२३ च्या जुलैमध्ये हा पूल हिरवा झाला. त्या वर्षी फिनिक्समध्ये ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला किंवा त्याच्या वर होता, म्हणजे ४३ सेल्सियसच्या पुढे. पाणी कोमट चहासारखं. शेवाळाला आणखी काय हवं?

दादाने दुकानातून 'शॉक'च्या पिशव्या आणून ओतल्या. चार दिवस पाणी निळंशार. पाचव्या दिवशी पायऱ्यांच्या कोपऱ्यात बुळबुळीत हिरवं, सातव्या दिवशी सगळा पूल वाटाण्याच्या सुपासारखा. पुन्हा पिशव्या. मग तांबं असलेलं शेवाळनाशक. मग फॉस्फेट काढायचं काहीतरी. असं तीनदा झालं. तीन आठवड्यांत चारशेच्या वर डॉलर गेले आणि शेवाळ होतं तिथेच.

आता मजा बघा. ह्या सगळ्या काळात पाणी तपासायची पट्टी म्हणत होती की क्लोरीन ओके, पीएच ओके. दुकानातलं फुकट चाचणी करणारं मशीनही तेच म्हणत होतं. ऑफिसात जे आपण रोज ऐकतो ना, "डॅशबोर्ड हिरवा आहे, पण युजर बोंबलतोय", अगदी तेच. फरक इतकाच की इथे डॅशबोर्डबरोबर पाणीपण हिरवं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. घरगुती पूलमधलं जे शेवाळ पुन्हा पुन्हा येतं, ते बहुतेक वेळा औषध कमी पडलं म्हणून येत नाही. चुकीचं औषध फार झालं म्हणून येतं. आणि ते औषध आपणच, 'सोयीचं' म्हणून, महिनोन्महिने टाकलेलं असतं.

वहिनी म्हणाली, "जाऊ दे, राहू दे हिरवं, उन्हाळा संपला की बघू." तसं करता येत नाही. एक तर पुतण्या पाच वर्षांचा. हिरव्या पाण्यात तळ दिसत नाही, आणि तळ दिसत नाही त्या पाण्यात पोरगं पडलं तर तेही दिसत नाही. दुसरं म्हणजे डास. २०२१ मध्ये ह्याच मॅरिकोपा काउंटीत वेस्ट नाईल तापाचे सुमारे दीड हजार रुग्ण झाले होते. सोडून दिलेला हिरवा पूल म्हणजे डासांचा पाळणाघर, आणि काउंटीचे लोक तक्रार आली की तपासायला येतात. तेव्हा काहीतरी करणं भाग होतं.

नेमके त्याच महिन्यात आई-बाबा आलेले. बाबा निवृत्त ग्रामसेवक. माण तालुक्यात तीस वर्षं गावोगावच्या विहिरींत टीसीएल पावडर टाकायची, आणि मग शेवटच्या नळाला ओटी टेस्ट घ्यायची, हे त्यांनी इतक्या वेळा केलंय की झोपेतही करतील. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नळाचं पाणी छोट्या नळीत घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे दोन-चार थेंब टाकायचे, पिवळं आलं की पाण्यात क्लोरीन आहे. पिवळं नाही आलं तर पावडर टाकलीच नाही, किंवा पोतं उघडं राहून तिचा जोर गेलाय. "रजिस्टरमध्ये काय लिहिलंय ते मला सांगू नका, शेवटच्या घरचं पाणी दाखवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गॅरेजमध्ये आधीच्या मालकाची एक जुनी चाचणीपेटी पडली होती. बाबांनी उघडली आणि खूश. "अरे, हे तर आपलं ओटीच की!" लगेच पाणी घेऊन थेंब टाकले. झक्क पिवळं. बाबा गप्प झाले. नळी उजेडात धरून परत बघितली. मग म्हणाले, "क्लोरीन तर भरपूर आहे. मग हे जगतंय कशावर?"

तीन आठवडे आम्ही दोघे इंजिनिअर "आता काय टाकू" विचारत होतो. हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता. त्या रात्री मी वाचायला बसलो.

प्रकार असा आहे. साध्या क्लोरीनला ऊन सोसत नाही. इथल्या दुपारच्या उन्हात तासा-दोन तासांत ते बहुतेक सगळं उडून जातं. म्हणून पाण्यात सायन्युरिक ॲसिड घालतात, बोलीभाषेत स्टॅबिलायझर. ते क्लोरीनला धरून ठेवतं, हळूहळू सोडतं. छत्रीच म्हणा. थोडं असलं, ३० ते ५० पीपीएम, तर उत्तम. पण ते जितकं वाढतं तितकं क्लोरीन जास्त घट्ट धरलं जातं, आणि जंतू किंवा शेवाळ मारायला मोकळं क्लोरीन उरतं अगदी नखभर. गोची अशी की पट्टी काय, ओटी काय, हे धरून ठेवलेलं क्लोरीनही क्लोरीन म्हणूनच मोजतात. बाबांच्या विहिरीत स्टॅबिलायझर नव्हतं, म्हणून तिथे पिवळं म्हणजे पिवळं होतं. इथे नाही.

हे स्टॅबिलायझर येतं कुठून? तर त्या पांढऱ्या गोल गोळ्यांमधून, ज्या तरंगत्या डब्यात टाकल्या की आठवडाभर बघायला नको. ट्रायक्लोर म्हणतात त्यांना. ह्या गोळ्यांतून पाण्यात १० पीपीएम क्लोरीन गेलं की सोबत ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड जातं. हिशोब करा: रोज २ पीपीएम लागतंय, १०० दिवस टाकलं, झालं १२० पीपीएम. क्लोरीन वापरलं जातं, ऊन खातं. पण हे जवळपास तसंच राहतं. पाण्याची वाफ होते, ह्याची होत नाही. आणि दादाने आणलेल्या 'शॉक'च्या पिशव्या? पाकिटामागचं बारीक अक्षर वाचलं तर डायक्लोर. त्यात तर दहाला नऊ! म्हणजे शेवाळ आलं म्हणून जे टाकत होतो, त्यानेच पुढच्या शेवाळाची सोय होत होती.

थेंबांची चांगली टेस्ट किट मागवली. सायन्युरिक ॲसिडची चाचणी गमतीची असते. पाण्यात एक द्रावण मिसळलं की ते दुधट होतं. मग नळीत हळूहळू ओतायचं आणि तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं. आमचा ठिपका नळी अर्धी भरायच्या आतच गायब. १०० च्या पुढे ती मोजतच नाही. मग निम्मं नळाचं पाणी मिसळून परत केलं, ९० आलं, म्हणजे खरं १८०. पूल सांभाळणाऱ्या हौशी मंडळींचा एक ढोबळ नियम आहे: क्लोरीन निदान ह्या आकड्याच्या साडेसात टक्के हवं, आणि आलेलं शेवाळ मारायचं असेल तर चाळीस टक्के. म्हणजे आम्हाला रोजचंच साडेतेरा लागत होतं. पट्टी तीनला ओके म्हणत होती!

प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या पट्टीवर सायन्युरिकचाही एक चौकोन होता. गडद जांभळा, पार टोकाचा रंग. बाकी चार ओके म्हणून आम्ही त्याच्याकडे बघितलंच नाही. दुकानाच्या छापील कागदावरही सगळ्यात खाली 'स्टॅबिलायझर: हाय' असं होतं. वर चार बाटल्यांची नावं आणि किती टाकायच्या ते. ह्या ओळीपुढे काहीच नाही. कारण सरळ आहे. त्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे पाणी बदलणं, आणि ते दुकानात मिळत नाही. काउंटरवरच्या पोराचा दोष नाही, तो मशीनने सांगितलं ते वाचून दाखवतो. पण गोळ्यांच्या बादलीवर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'ह्याने स्टॅबिलायझर वाढतं, महिन्यातून एकदा मोजा' एवढं लिहायला काय जातं? 'लाँग लास्टिंग' मात्र लिहिलेलं असतं.

हे फक्त आपल्यासारख्या अडाण्यांचं होतं असं समजू नका. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये डायव्हिंगचा पूल सगळ्या जगासमोर हिरवा झाला होता, आठवतंय? पुढे आयोजकांनी सांगितलं की ५ ऑगस्टला कंत्राटदाराने ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड पाण्यात ओतलं होतं. तेही जंतुनाशकच, पण क्लोरीनबरोबर पडलं की क्लोरीनला निकामी करतं. शेवटी शेजारच्या हिरव्या पूलमधलं सुमारे ३७ लाख लिटर पाणी काढून टाकून सरावाच्या पूलमधलं भरावं लागलं. औषधावर औषध!

आता खरी अडचण. पाणी काढायचं म्हणजे किती? दादाचा पूल १५ हजार गॅलनचा, सुमारे ५७ हजार लिटर. मी सहज म्हणालो, "बाबा, निम्मं काढावं लागेल." बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी लहानपणी एकदा भरलेला हंडा लवंडला होता तो आठवला.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकीत ५० हजार लिटर. गाडी आली तेव्हा लातूरकरांनी तिचं स्वागत केलं होतं. बाबा म्हणाले, "म्हणजे तुझ्या दादाच्या परसात एक वाघीण उभी आहे, आणि तू अर्धी ओतून देणार."

दादा चिडला. म्हणाला, "बाबा, इथे पाण्याची टंचाई नाही." हेही खरं नाही. कोलोरॅडो नदीवर २०२१ च्या ऑगस्टमध्ये इतिहासातली पहिली टंचाई जाहीर झाली आणि २०२२ मध्ये ॲरिझोनाच्या वाट्याला सुमारे १८ टक्के कपात आली. नळाला चोवीस तास पाणी येतं म्हणून टंचाई नाही, एवढंच. जेवणाच्या टेबलावर बराच वेळ कोणी बोललं नाही. आईने विषय बदलायचा प्रयत्न केला, तोही फसला.

मला वाटतं दोघांचंही बरोबर होतं, पण हिशोब माझ्या बाजूने होता. पाणी न बदलता १८० वर शेवाळ मारायचं तर क्लोरीन ७२ पीपीएमवर नेऊन दिवसच्या दिवस तिथेच धरावं लागलं असतं, आणि नंतरही कायम साडेतेराच्या वर. निम्मं बदललं की दोन्ही आकडे निम्मे. तिसरा पर्याय पूल बुजवायचा. मला आजही तो सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, पण घर दादाचं आहे.

तोडगा बाबांनीच काढला. "ओतून द्यायचं नाही, पाजायचं." गोळ्या बंद करून क्लोरीन शून्यावर येऊ दिलं. मग परसातल्या गवताला आणि कुंपणाच्या कण्हेरीला पाइपने पाणी. इथलं पूलचं पाणी खारट असतं, लिंबू-संत्र्याला चालत नाही. कण्हेर आणि बर्म्युडा गवत सोसतं. (कण्हेर इथेही घरोघर असते, आपल्याकडे रस्त्याच्या दुभाजकावर असते तशीच.) बाबा पहाटे पाचला उठून पाइप सरकवत होते. उरलेलं पाणी सांडपाण्याच्या नळीत सोडलं, इथे ते रस्त्यावर सोडायला बंदी आहे. तेव्हा मी त्यांना सांगितलं की इथून पश्चिमेला पालो व्हेर्दे नावाचं अणुवीज केंद्र आहे, ते शहरांचं शुद्ध केलेलं सांडपाणी वापरून थंड ठेवतात. बाबा म्हणाले, "मग ठीक." बस, एवढंच. पण नंतर शांत झोपले.

एवढ्या उन्हात पूल रिकामा ठेवला तर आतला गिलावा तडकू शकतो, म्हणून दोन रात्रींत थोडं थोडं काढलं आणि लगेच भरलं. आकडा ९० वर आला. मग आधी ॲसिड टाकून पीएच ७.२ वर, आणि साधं द्रव क्लोरीन, ज्यात स्टॅबिलायझर नसतं. पहिल्याच संध्याकाळी पाच गॅलन, मग दिवसातून दोन-तीनदा मोजून कमी पडेल तेवढं. पंप चोवीस तास चालू, भिंती रोज ब्रशने घासायच्या, फिल्टरचा दाब वाढला की उलटं पाणी सोडून धुवायचा. हिरव्याचं राखाडी झालं, राखाडीचं दुधट, सहाव्या दिवशी तळाचा स्क्रू दिसला. एक सूचना: दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट आणलंत तर ते गोळ्यांच्या डब्यात चुकूनही टाकू नका. स्फोट होतो, अतिशयोक्ती नाही.

पण पाणी निळं दिसलं म्हणजे झालं असं नाही, ते तर आधीही तीनदा दिसलं होतं. खरी परीक्षा रात्रीची. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजायचं आणि उगवायच्या आत परत. रात्री ऊन नसतं, म्हणजे जे कमी झालं ते पाण्यातल्या कोणीतरी खाल्लं. एक पीपीएमपेक्षा जास्त घट आली तर शेवाळ अजून जिवंत. मला तर ही टेस्ट फारच आवडली. एक व्हेरिएबल बाजूला काढायला नुसतं अंधार पडायची वाट बघायची.

सातव्या दिवशी रात्री नऊला ३५ होतं. पहाटे पाचला मी डोळे चोळत बाहेर आलो तर बाबा आधीच पूलच्या काठावर उकिडवे बसलेले, नळीत पाणी घेऊन. आता त्यांना थेंब मोजता येत होते. पावडर टाकली, पाणी गुलाबी झालं, एकेक थेंब टाकत बोटांवर मोजत राहिले. गुलाबी गेलं तेव्हा म्हणाले, "साडेचौतीस. लिहून घे."

डिसेंबरमध्ये थंडीत आणखी एक तृतीयांश पाणी बदललं, आकडा ६० वर आला. गोळ्यांची अर्धी बादली गॅरेजमध्ये आहे. दादा गावाला जातो तेव्हा एखादी टाकतो, मी काही म्हणत नाही. बाबांचा दर रविवारी दहिवडीहून फोन येतो. आधी पूलचा आकडा विचारतात, मग कण्हेरीचं, मग नातवाचं.