दवाखाना सगळ्यांचा, मग समितीची खुर्ची कुणाची?

चंदगड तालुक्यात बाळंतिणीची केस अडली की गाडी कोल्हापूरपेक्षा बेळगावकडेच वळते. दोडामार्गचा अपघातग्रस्त ओरोसऐवजी बांबोळीला नेला जातो. सीमाभागात हे रोजचंच आहे. आजारपण राज्याची हद्द पाहून येत नाही आणि नातेवाईकही जवळचा, भरवशाचा दवाखाना बघतात.

पण त्या दवाखान्याचा कारभार ठरवणाऱ्या बैठकीत हा रुग्ण कुठेच नसतो. त्याला रात्री सांभाळणारी नर्स नसते, वॉर्ड पुसणारा कंत्राटी कामगार नसतो आणि त्याला गाडीत घालून आणणारी आशाताईही नसते.

सरकारी दवाखान्यांत अशी समिती आहे. देशभर तिला रुग्ण कल्याण समिती म्हणतात, कर्नाटकात आरोग्य रक्षा समिती. केसपेपरची फी किती, हाताशी असलेला निधी कशावर खर्चायचा, दुरुस्ती, स्वच्छता, तातडीची औषधखरेदी हे विषय तिच्यापुढे येतात. म्हणजे रुग्णाच्या खिशाशी आणि जिवाशी थेट संबंध असलेले निर्णय. म्हणूनच तिथे कोण बसतं हा प्रश्न नुसता मानापानाचा नाही.

सुरुवात इंदूरची

या समितीचं मूळ मराठी माणसाच्या ओळखीच्या शहरात आहे. 1994 मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयातल्या घाणीकडे, उंदरांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. जिल्हा प्रशासन आणि शहरातल्या नागरिकांनी मिळून रुग्णालय साफ केलं, लोकांनी पैसे दिले. ही साफसफाई टिकावी म्हणून स्थानिक समिती आली, तिला फी आकारण्याचा आणि तो पैसा तिथेच खर्चण्याचा अधिकार मिळाला. मध्य प्रदेशने हा नमुना राज्यभर नेला. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि तो देशभर पोचला.

अभियानाच्या मूळ मार्गदर्शक सूचनांतली सदस्यांची यादी वाचण्यासारखी आहे. लोकप्रतिनिधी, आरोग्य अधिकारी, जिल्ह्याचे अधिकारी, पंचायतीचे सदस्य, समाजातील प्रतिष्ठित, डॉक्टरांच्या संघटनेचा प्रतिनिधी आणि मोठे देणगीदार. देणगीदाराला नावानिशी जागा आहे. रुग्णाला नाही, नर्सला नाही, सफाई कामगारालाही नाही. 2015 मध्ये नव्या सूचना आल्या, तक्रार निवारण आणि रुग्णांच्या सोयी यांवर भर आला. पण सदस्याची नेमणूक वरूनच होते, ही रीत राहिली.

याची किंमत काय असते? 2025 च्या ऑगस्टअखेरीस त्याच यशवंतराव रुग्णालयात, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात दोन बाळांना उंदीर चावले. दोन्ही बाळं दगावली. मृत्यूचं कारण उंदराचा चावा की मुळातला आजार, यावर वाद झाला. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. उंदीर-कीटक नियंत्रणाचं काम खासगी कंत्राटदाराकडे होतं. निलंबनाची कारवाई मात्र आधी नर्सवर झाली.

उंदरांमुळे जिथे समितीची कल्पना जन्मली, तिथेच तीस वर्षांनी पुन्हा उंदीर. वॉर्डात उंदीर फिरतोय हे सगळ्यांत आधी कुणाला कळतं? रात्रपाळीच्या नर्सला, आयाला, बाळाजवळ बसलेल्या आईला. प्रतिष्ठित सदस्याला ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळतं. ज्यांना आधी दिसतं त्यांना बैठकीत बोलायची सोय नसेल, तर दोष त्यांच्यावर टाकणं सोपं आणि चुकीचंही आहे.

गावात सचिव, वर कुणीच नाही

गावपातळीवर चित्र जरा बरं आहे, निदान कागदावर. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीत किमान 15 सदस्य, त्यांत निम्म्या महिला आणि आशा कार्यकर्ती सदस्य-सचिव, असं 2013 च्या केंद्रीय सूचना सांगतात. वर्षाला 10 हजार रुपयांचा मुक्त निधी धरलेला आहे. पण गावची वेस ओलांडली की आशाची ही हक्काची जागा संपते. गावात जी सचिव, ती तालुक्याच्या दवाखान्यात फक्त पेशंट आणून सोडणारी बाई.

मग म्हणणं मांडायला रस्ता उरतो. महाराष्ट्रात 2023 च्या ऑक्टोबरमध्ये आशा आणि गटप्रवर्तकांनी संप केला. कर्नाटकात 2025 च्या जानेवारीत आशा बंगळूरच्या फ्रीडम पार्कवर थंडीत बसल्या, तेव्हा दरमहा किमान 10 हजारांचं आश्वासन मिळालं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच आशांचा जागतिक सन्मान केला होता. सन्मान जिनिव्हातून येतो, पण तालुक्याच्या बैठकीचं बोलावणं येत नाही.

बेळगावने पाहिलेला धडा

आवाज कुणाचा ऐकला जातो, हे बेळगावने नोव्हेंबर 2017 मध्ये जवळून पाहिलं. खासगी दवाखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती येत होती आणि रुग्णांच्या तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर स्वतंत्र समिती हा त्यातला कळीचा भाग होता. सुवर्ण विधानसौधात अधिवेशन सुरू असताना राज्यभरातले डॉक्टर बेळगावात जमले, दवाखाने बंद राहिले. डॉक्टरांच्या काही शंका रास्त होत्या, तुरुंगवासाच्या तरतुदीची भीती खोटी नव्हती. पण शेवटी विधेयक सौम्य झालं, स्वतंत्र समिती गेली आणि काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील नोंदणी प्राधिकरणाकडे आलं.

डॉक्टरांची संघटना होती म्हणून त्यांचं ऐकलं गेलं. रुग्णांची संघटना नसते. माणूस बरा झाला की घरी जातो, बरा झाला नाही तर घरचे खचलेले असतात. म्हणूनच त्याची जागा नियमातच लिहून ठेवावी लागते.

हद्दीपलीकडचा रुग्ण

सीमाभागाचं दुखणं याहून एक पायरी पुढचं आहे. 1 जानेवारी 2018 पासून गोवा वैद्यकीय महाविद्यालयात गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं. सिंधुदुर्गात आंदोलनं झाली. गोव्याची बाजूही समजण्यासारखी होती, खर्च त्यांच्या तिजोरीतून होतो. पण निर्णय झाला तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीच्या रुग्णाला विचारायची काही व्यवस्थाच नव्हती.

2023 मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा लाभ जाहीर केला. कर्नाटकाने तीव्र आक्षेप घेतला. एका बाजूला अस्मिता, दुसऱ्या बाजूला सार्वभौमत्व. खानापूरच्या शेतकऱ्याला डायलिसिससाठी किती लांब जावं लागतं, हा हिशेब दोन्हीकडच्या भाषणांत मागे पडला. योजना कुणाचीही असो, ती ठरवताना त्या 865 गावांतला एकही रुग्ण टेबलाशी नव्हता.

त्यात भाषा आली. ज्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात 15 टक्के वा अधिक लोक अल्पसंख्य भाषेचे आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असं भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचं धोरण सांगतं. एखाद्या मराठी बाईला सदस्य केलं आणि विषयपत्रिका तिला न वाचता येणाऱ्या भाषेत हातात दिली, तर ती फक्त सही करायला आली असं होईल. हाच न्याय सोलापूर-अक्कलकोटच्या कन्नड माणसालाही लागू पडतो.

जमतं, हे दिसलं आहे

हे अशक्य नाही. महाराष्ट्रात 2007 पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, पुढे आणखी जिल्ह्यांत गेली. गावकऱ्यांनी दवाखान्यांची प्रगतिपुस्तकं भरली. जनसुनवाईत बाहेरून औषधं आणायला लावणं, बेकायदा पैसे घेणं हे अधिकाऱ्यांसमोर मांडलं. लोकांना आरोग्यातलं काय कळतं, या आक्षेपाला तिथेच उत्तर मिळालं. शस्त्रक्रिया कशी करायची हे लोक सांगत नव्हते. दवाखाना उघडा असतो का, हे सांगत होते.

बाहेर बघायचं तर ब्राझीलने 1990 च्या कायद्याने आरोग्य परिषदांत निम्म्या जागा सेवा वापरणाऱ्यांना दिल्या. पुढे उरलेल्यांतला अर्धा वाटा, म्हणजे एकूण पाव जागा, आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ठरला. शहरापासून देशापर्यंत हाच हिशेब.

आता कुणी म्हणेल, समितीत गर्दी झाली की निर्णयच होणार नाहीत. खुर्च्या वाढवून त्यांवर पुढाऱ्यांचीच माणसं बसली तर हा आक्षेप खराच ठरेल. म्हणून जागा किती यापेक्षा त्या कशा भरल्या जातात, ते जास्त महत्त्वाचं.

त्यासाठी मोठा कायदा लागत नाही. रुग्णांचे प्रतिनिधी ग्रामसभा किंवा वॉर्डसभेने निवडावेत. नर्स, कंत्राटी कामगार आणि आशा यांनी आपला माणूस आपणच निवडावा, आणि बैठकीत बोलल्याबद्दल त्याच्यावर कारवाई होणार नाही अशी लेखी हमी असावी. रोजंदारी बुडणाऱ्याला बैठकीचा भत्ता मिळावा. विषयपत्रिका आठवडाभर आधी आणि तिथल्या लोकांच्या भाषेत यावी. आणि दवाखान्याच्या रजिस्टरात शेजारच्या राज्याचे रुग्ण सतत दिसत असतील, तर त्या तालुक्यांतला एक माणूस किमान निमंत्रित म्हणून बोलवावा. त्यामुळे कुणाची हद्द सरकत नाही.

सीमाप्रश्नाचा निकाल न्यायालयात लागायचा तेव्हा लागेल. दवाखान्याची पुढची बैठक त्याआधी होणार आहे. तिची तारीख कोणती आणि तिला कोण बसणार, हे ग्रामसभेत विचारायला आजपासूनच हरकत नाही.