कोतवाल बुकातली मुलगी

मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला, त्याने आईसाठी केलेला अर्ज मंजूर झाला आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीची वेळ जवळ आली, की रामटेक तालुक्यातल्या घरात धावपळ सुरू होते ती बँकेच्या कागदांची. माझं म्हणणं, आधी आईच्या जन्माची नोंद शोधा. गाडी अडते ती तिथेच.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, महाराष्ट्रात तो लागू झाला १ एप्रिल १९७० पासून. त्याआधी आपल्याकडे खेड्यातला जन्म कोतवाल बुकात लिहिला जाई. जातपडताळणीने या बुकाची नक्कल घरोघरी ओळखीची केली आहे. पण नक्कल हाती आली तरी तिच्यात बहुधा तारीख, गाव, बापाचं नाव, जात आणि पुढे नुसतं ‘मुलगी’. बारशाआधीच नोंद झालेली, नाव येणार कुठून? शाळेत गुरुजींनी अंदाजाने १ जुलै लिहिली, तीच टीसीवर आणि पासपोर्टवर आली. त्यात माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कोणतं आहे, हेही याच वेळी पाहा. नातं सिद्ध होतं ते त्या दाखल्यावरून.

अशा वेळी कुणीतरी ‘जुळणारा’ दाखला काढून द्यायला पुढे येतो. त्याला दारातूनच परत पाठवा. खोट्या कागदामुळे अमेरिकेचा व्हिसा कायमचा नाकारला जाऊ शकतो. उलट नोंदच नसेल, तर अनुपलब्धतेचा दाखला, टीसी आणि जाणत्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र विचारात घेतलं जातं. तारखा जुळत नसतील तर दोन्ही कागद न्या आणि फरक का पडला ते सरळ सांगा.

उशिराच्या नोंदणीचे नियम राज्याने २०२५ मध्ये कडक केले. बोगस दाखले रोखायलाच हवेत. पण सत्तरीच्या बाईने त्यापायी हेलपाटे का घालावेत? जुनी बुकं हात लावताच तुकडे होण्याच्या अवस्थेला येण्याआधी तहसीलने त्यांची छायाप्रत करावी. नक्कल किंवा ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला, दोहोंपैकी एक ठरल्या मुदतीत लेखी द्यावा. तोंडी ‘नाही सापडत’ वकिलातीत चालत नाही.

बाकीची कामं रीतसर होतात: पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून, वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच. मराठी कागदाच्या इंग्रजी भाषांतराखाली मात्र भाषांतरकाराने ते अचूक असल्याचं लिहून सही करायची असते.

मुलाखतीत शपथ घ्यायची आहे ती आईला. म्हणून अर्जात आणि प्रतिज्ञापत्रात काय लिहिलंय ते सही-अंगठ्याआधी तिला मराठीत वाचून दाखवा, आणि ती ‘असं नव्हतं रे’ म्हणाली तर थांबून दुरुस्त करा.