चिमणरावाचं पुस्तक मिळतं, मालिका मिळत नाही

चिं. वि. जोशींचा चिमणराव आजही विकत मिळतो. नव्वद वर्षांपूर्वीचं लेखन, पण कुठल्याही जुन्या वाचनालयातलं विनोदाचं कपाट उघडा, पिवळी पडलेली एखादी प्रत हमखास सापडेल. आता दूरदर्शनवरचा चिमणराव शोधून दाखवा. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर ही मालिका लागायची तेव्हा लोक शेजारच्या घरात जाऊन जमिनीवर बसून ती बघायचे, असं आमच्या आईवडिलांची पिढी सांगते. मी ती पाहिलेली नाही, माझा जन्म नंतरचा. आणि आता पाहावी म्हटलं तर हाती लागतात ते तुकडे. मोजकेच भाग उरलेत असं सांगितलं जातं.

ऑगस्ट २०२५ मध्ये बाळ कर्वे गेले. बातम्यांमध्ये नाव आलं ते 'गुंड्याभाऊ' म्हणूनच. पण ज्या कामामुळे माणूस पन्नास वर्षं ओळखला गेला, ते काम तिशीतल्या वाचकाला दाखवायचं तर दाखवणार काय? मथळा वाचायचा आणि पुढे जायचं.

आता काही जण म्हणतील, गावात पाणी नाही, लोकल वेळेवर नाही आणि तुम्हाला जुन्या मालिका सुचतायत. पाण्यावर आणि लोकलवर इथे दर आठवड्याला लिहितो, आज हे वाचा. कारण हा पैसाही आपलाच आहे. दूरदर्शन कुणा शेठचं नव्हतं. टीव्ही घरात ठेवायला लायसन्स लागायचं, त्याची फी लोकांनी पोस्टात रांगेत उभं राहून भरलीय. बाकीचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तेव्हा टेप महाग होती. कार्यक्रम दाखवून झाला की तीच टेप पुसायची आणि पुढच्या कार्यक्रमाला वापरायची, हे त्या काळातले कलाकार आणि निर्माते सांगत आलेत. बरंच काही तर टेपवर गेलंच नाही, थेट प्रक्षेपण व्हायचं. स्मिता पाटील सिनेमात येण्याआधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायच्या. बातम्या वाचून झाल्या, दिवे बंद झाले, संपलं. त्या वेळी कुणाला वाटलं असेल की हे जपून ठेवावं?

आणि हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. बीबीसीसारख्या संस्थेनं साठ-सत्तरच्या दशकात आपल्याच टेपा पुसल्या. त्यांच्या 'डॉक्टर हू' या गाजलेल्या मालिकेचे नव्वदहून जास्त भाग अजून गायब आहेत. २०१३ साली त्यातले नऊ भाग सापडल्याची बातमी आली. सापडले कुठे, तर नायजेरियात. तिथल्या केंद्राला प्रक्षेपणासाठी पाठवलेल्या प्रती परत गेल्याच नव्हत्या म्हणून वाचल्या. फरक एवढाच की काय गेलंय याची यादी त्यांच्याकडे आहे, म्हणून तर शोधता येतं. आपल्याकडे काय होतं, त्यातलं काय पुसलं गेलं आणि काय गोदामात पडून आहे, हे सामान्य प्रेक्षकाला कळायला मार्गच नाही.

माझा सगळा आक्षेप या एका जागी आहे. टेप पुसली त्याबद्दल १९७८ सालच्या माणसाला मी शिव्या देणार नाही. त्याच्याकडे टेप नव्हती, पैसे नव्हते. आज साठवणूक स्वस्त आहे. तरीही यादी नाही, याला कारण काय?

मालिकांचं एक वेळ सोडा. 'आमची माती आमची माणसं' घ्या. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, वर्षानुवर्षं चालला. भाताची लावणी तेव्हा कशी व्हायची, कुठलं बियाणं होतं, शेतकरी कॅमेऱ्यासमोर कसा बोलायचा, अंगावर काय घालायचा, हे त्यात आहे. नेरळ-कर्जत पट्ट्यातल्या निम्म्या भातखाचरांवर आता इमारती आणि फार्महाऊस आहेत. 'ज्ञानदीप' घ्या. आकाशानंदांचा तो कार्यक्रम इतका लोकांचा झाला की गावोगाव त्याची मंडळं निघाली. 'प्रतिभा आणि प्रतिमा'मध्ये लेखक-कलावंत समोर बसून बोलायचे. त्यांची पुस्तकं आहेत, पण आवाज आणि बोलण्याची लकब पुस्तकात येत नाही.

आमच्याकडे तर हे दिसायचंही मुश्किलीनं. वरळीचा मनोरा तिकडे, नेरळ इकडे, आणि मध्ये माथेरानचा डोंगर आडवा. कौलावर चढून अँटेना फिरवायचा, खालून कुणीतरी ओरडायचं 'आलं, आलं... गेलं'. अर्ध्या वेळा पडद्यावर मुंग्या. त्या मुंग्यांमधून 'गोट्या' बघितलेली आमची पिढी आहे. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या. त्याचं शीर्षकगीत आजही शाळेच्या गॅदरिंगला वाजतं, पोरांना पाठ असतं, आणि ते कुठल्या मालिकेचं हे त्यांना माहीत नसतं.

नंतर 'दामिनी' आली. प्रतीक्षा लोणकर, पत्रकार नायिका. माझ्या पत्रकारितेच्या डिप्लोमाच्या वर्गात दोन मुली होत्या, त्या सरळ सांगायच्या की दामिनी बघून आलोय. आज पत्रकारिता शिकणाऱ्या एखाद्या मुलीला म्हटलं की बघ, तेव्हा रोजच्या मराठी मालिकेची नायिका पत्रकार होती, तर तिला पहिल्या भागापासून ओळीनं दाखवायचं कुठून?

काहीच होत नाही असं म्हणणं मात्र खोटं होईल. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं 'रामायण' परत लावलं, घराघरात लोकांनी बघितलं. यूट्यूबवर जुनं काही ना काही येत असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फीच्या वेळी प्रसार भारतीनं 'वेव्ह्ज' नावाचं स्वतःचं ओटीटी सुरू केलं. चांगलं आहे. पण हे म्हणजे दुकानदार त्याच्या मर्जीनं फळीवर जे मांडेल ते घ्या, असं झालं. आत गोदामात काय आहे ते विचारायचं नाही. आणि ओटीटीवर आज दिसतं ते उद्या निघूही शकतं. करार संपला की गेलं. खासगी वाहिन्यांच्या जुन्या मालिकांचंही तेच. 'आभाळमाया' सुरू झाली १९९९ ला, म्हणजे तीही आता पंचवीस वर्षांच्या पुढे गेली.

हक्कांचा गुंता असतो, मान्य. निर्माता एक, संगीत दुसऱ्याचं, कथा तिसऱ्याची. पण यातली गंमत बघा. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रीकरणावरचा हक्क साठ वर्षं टिकतो. टेप साठ वर्षं टिकत नाही. पंचवीस-तीस वर्षांतच तिचा थर सुटायला लागतो, आमच्या कोकणातल्या हवेत तर आधीच बुरशी धरते. म्हणजे हक्क संपून कार्यक्रम सर्वांसाठी खुला होईल तेव्हा खुलं करायला काही उरलेलंच नसेल.

पुस्तकाचं बघा. १९५४ चा कायदा आहे, प्रकाशकानं प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांत जमा करायची. मुंबईतल्या अशा एका ग्रंथालयालाही ती जाते. सिनेमासाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तेही उशिरा आलं, तोवर 'आलम आरा' हातची गेली होती. टीव्हीच्या कार्यक्रमाची प्रत कुठे जमा करायला लावणारा असा कायदा आपल्याकडे नाही. फ्रान्समध्ये आहे. तिथे रेडिओ-टीव्हीचा ठेवा जपणारी संस्था १९७५ पासून आहे आणि २००६ पासून लोकांना त्यातलं बरंच घरबसल्या बघता येतं. सरकारनं करायचं ठरवलं तर होतं.

आपल्याकडे नवा कायदा येईल तेव्हा येईल. पण हातात एक जुना आहे. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४. लोक कलम ६ खाली अर्ज करतात आणि ४ विसरतात. त्यात स्पष्ट लिहिलंय की सार्वजनिक प्राधिकरणानं आपल्या अभिलेखांची सूची आणि अनुक्रमणिका करून ठेवायची. ती आपण मागायची गरज पडू नये, ती त्यांनीच करायची आहे. आणि माहिती म्हणजे फक्त कागद नव्हे, कोणत्याही स्वरूपातलं साहित्य, हेही कायदाच म्हणतो. ग्रामपंचायतीच्या दप्तराला जे लागू, ते टेपांच्या गोदामालाही लागू.

आता थोडं आपल्या गावाकडे, कारण सगळं बोट मुंबईकडे दाखवून भागत नाही.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे केबल आली आणि पाठोपाठ लोकल चॅनेल. गणपती विसर्जन, कबड्डीच्या स्पर्धा, प्रचारसभा, दहावीचा निकाल. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी चढली तेव्हा आधी शूटिंग केलं ते असल्याच लोकल कॅमेरावाल्यांनी आणि लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या पोरांनी. मुंबईचे चॅनेलवाले मुंबईतच अडकले होते. त्या कॅसेट कुठे आहेत? मी चार जणांना विचारलं. एकाच्या पत्र्याच्या पेटीत आहेत, एकानं त्यावर नंतरची लग्नं काढली, एकानं भंगारात दिल्या, एक आता या जगात नाही. दूरदर्शननं १९७८ ला केलं तेच आपण २००६ ला केलं, आणि कारणही तेच, नवी कॅसेट महाग.

इर्शाळवाडीची १९ जुलै २०२३ ची रात्र तर कालपरवाची. खालापूर-कर्जतच्या कितीतरी जणांच्या मोबाइलमध्ये त्यानंतरच्या दिवसांचे व्हिडिओ असतील. मोबाइल बदलला की जातील.

अमेरिकेत फिलाडेल्फियाला मॅरियन स्टोक्स नावाच्या बाई होत्या. घरात टीव्हीवरच्या बातम्या रात्रंदिवस रेकॉर्ड करायच्या, तीसहून जास्त वर्षं. २०१२ साली त्या गेल्या तेव्हा घरात सुमारे ७० हजार कॅसेट निघाल्या. हयातीत लोक विचित्र म्हणत असणार. आज वाहिन्यांकडे नसलेलं त्यांच्या कॅसेटमध्ये आहे. एवढं कुणी करा असं म्हणत नाही. पण तुमच्या माळ्यावर एखादी व्हीएचएस कॅसेट असेल, टीव्हीवरून कुणी काकांनी टेप केलेली, वर लग्नाचं नाव आणि शेवटी उरलेल्या जागेत अर्धा तास 'गजरा' किंवा सातच्या बातम्या, तर ती टाकू नका. व्हीसीआर आता बनत नाहीत. शेवटची जपानी कंपनी फुनाई, तिनं २०१६ साली थांबवलं. चालू मशीन शोधणं दरवर्षी अवघड होत जाणार आहे.

मी सोमवारी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. फी दहा रुपये. मागणी एकच, मुंबई केंद्राकडे १९७२ पासून २००० पर्यंतच्या कोणत्या मराठी कार्यक्रमांचे किती भाग आज शिल्लक आहेत, त्याची सूची. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, जे येईल ते इथे जसंच्या तसं टाकीन. तुमच्या आठवणीतला कार्यक्रम असेल तर नाव आणि साधारण साल कळवा, रविवार संध्याकाळपर्यंत आलं तर अर्जात घालतो. आणि कॅसेट सापडली तर आधी लेबलचा फोटो काढून पाठवा. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये अजिबात घालू नका, टेपही जाईल आणि मशीनचं हेडही.