दारी झुलतो हत्ती

नाशिकहून सासूबाईंचा दर रविवारी फोन येतो. मुलांची चौकशी होते, द्राक्षांचे भाव होतात, कोणाचं लग्न जमलं आणि कोणाचं फिसकटलं ते होतं, आणि फोन ठेवता ठेवता त्या हळूच विचारतात, "आणि काय गं, तुमचा हत्ती काय म्हणतो?"

हत्ती म्हणजे आमच्या दारात उभा असलेला अमेरिकन पिकअप ट्रक. दारी हत्ती झुलतात ते घर मोठं, असं आपल्याकडे म्हणत आले. पण मैत्रिणींनो, त्या घरच्या बायकांना कोणी कधी विचारलं होतं का, की बाई, याला चारा किती लागतो, आणि हा अंगणात उभा राहिला की तुमची मुलं खेळतात कुठे?

आमचं घर ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातल्या मिल्ड्युरा गावी. मेलबर्नपासून साधारण साडेपाचशे किलोमीटर, मरे नदीच्या काठी. बाकी सगळा कोरडा मुलूख, पण नदीच्या पाण्यावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या आहेत. नाशिकच्या माणसाला इथे करमावं यात नवल नाही. आमच्या यांचं कामही बागांचंच. दोन ओळींमधून जाईल असा अरुंद ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवायचा आणि या मळ्यातून त्या मळ्यात न्यायचा. हत्ती आला तो या कामासाठी.

त्याआधी आमच्याकडे साधी 'यूट' होती. यूट म्हणजे पुढे माणसं बसायची जागा आणि मागे उघडा हौदा. ही या देशाची लाडकी गाडी. तिची जन्मकथा मला फार आवडते. असं सांगतात, की १९३२ साली गिप्सलँड भागातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं. रविवारी चर्चला जाताना नीटनेटकं बसता येईल आणि सोमवारी त्याच गाडीतून डुकरं बाजारात नेता येतील, अशी एखादी गाडी करा ना! जिलाँगच्या कारखान्यातल्या लू बँट नावाच्या तरुणाने तसा आराखडा केला आणि १९३४ साली गाडी बाजारात आली. एका गृहिणीच्या पत्रातून! ही हकीकत ऐकली तेव्हा मी यांच्याकडे जरा मान वर करून पाहिलं, खोटं कशाला सांगू.

पुढे २०१६-१७ मध्ये या देशात मोटारी बनवणारे कारखाने एकामागून एक बंद झाले आणि घरच्या यूटही थांबल्या. आता बहुतेक यूट थायलंडहून येतात. आणि अमेरिकेतून आले हे हत्ती. राम १५०० हा २०१८ मध्ये, शेव्हरोले सिल्व्हेराडो १५०० हा २०२० मध्ये, फोर्डचा एफ-१५० हा २०२३ मध्ये, मागोमाग टोयोटाचा टुंड्रा. अमेरिकेत गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते, इथे आपल्यासारखी डावीकडून. त्यामुळे तिकडून आलेले हे ट्रक मेलबर्नच्या कारखान्यांत उसवतात आणि चाक, ब्रेक, समोरची सगळी फळी डावीकडून उजवीकडे आणून पुन्हा शिवतात. ब्लाउज उलटा बेतला गेला तर आपण नाही का उसवत, तसंच. नव्या ट्रकला एक लाख डॉलरच्या वर पडतात, म्हणजे आपले पन्नास लाखांहून जास्त. आम्ही घेतला तो वापरलेला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे मी त्याची थोडी गाऱ्हाणी करणार आहे, आणि ती या जातीच्या सगळ्याच ट्रकांना लागू आहेत.

घेऊ नये असंच माझं मत होतं. पण एके दिवशी हे उशिरा घरी आले ते पांढरेफटक. जेवायलाही बसले नाहीत. ऊयेनच्या रस्त्यावर ट्रेलर झुलायला लागला होता. आधी थोडा, मग एवढा, की मागचा भार पुढच्या गाडीलाच कान धरल्यासारखा इकडून तिकडे फिरवू लागला. समोरून मालाचा मोठा ट्रक येत होता. यांनी ब्रेकवर पाय दाबला नाही, वेग आपोआप उतरू दिला आणि ट्रेलरचा ब्रेक तेवढा हाताने लावला, म्हणून निभावलं. अशा वेळी घाबरून गाडीचा ब्रेक दाबला तर झुलणं वाढतं.

त्या रात्री मला वजनाचं गणित समजलं. ट्रेलर गाडीला एका लोखंडी गोळ्यावर जोडतात. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा त्या गोळ्यावर टेकायला हवा. ट्रॅक्टर मागे सरकवून ठेवला, की पुढचं टोक हलकं होतं आणि शेपूट झुलू लागतं. डोक्यावरची कळशी जरा मागे कलली तर मान कशी डगमगते, तसं. ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून आमचं वजन तीन टनांच्या वर जातं. साध्या यूट जास्तीत जास्त साडेतीन टन ओढतात, म्हणजे आम्ही काठावरच होतो. अमेरिकन ट्रक साडेचार टन ओढतो. साडेतीन टनांपर्यंतचा गोळा लिंबाएवढा असतो, साडेचार टनांचा मोसंबीएवढा. यांनी कागदावर हे सगळं मांडून दाखवलं. मी म्हटलं, आणा बाई तो हत्ती. माणूस सुखरूप घरी येतोय ना, मग झालं.

पण हा हत्ती ओढायला भीम असला, तरी पाठीवर घ्यायला नाजूक आहे, बरं का! त्याचं स्वतःचंच वजन अडीच टनांच्या वर. माणसं आणि सामान मिळून तो सात-आठशे किलोच घेऊ शकतो. साधी यूट टनभर घेते! त्यात गोळ्यावर टेकलेलं ट्रेलरचं वजन याच हिशेबात धरायचं. पूर्ण साडेचार टन ओढायचं ठरवलं तर साडेचारशे किलो तिथेच गेले. उरलेल्या तीनशेत आम्ही चौघं, बॅगा आणि माझे डबे. घेताना हे कोणी आपणहून सांगत नाही. दाराच्या चौकटीवर पट्टी चिकटवलेली असते, ती वाचायची.

चाऱ्याचं विचारू नका. आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, टाकी शंभर लिटरला जराशी कमी. रिकामा चालवला तर लिटरला साडेसहा किलोमीटर, ट्रेलर जोडला की चार. वहीत पेट्रोलची ओळ किराण्याच्या ओळीच्या वर गेली तेव्हा मी ती ओळ लाल शाईने लिहायला घेतली. यांनी वही पाहिली, बोलले काहीच नाहीत, पण बाजारात जाताना सायकल काढू लागले.

आणि लांबी! ५.९ मीटर, म्हणजे एकोणीस फुटांहून जास्त. गाडी उभी करायची इथली ठरलेली जागा ५.४ मीटर. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, ही म्हण मी भाजीच्या दुकानापुढे रोज अनुभवत होते. जागांची लांबी वीस सेंटीमीटरने वाढवावी, असा प्रस्तावही मानकं ठरवणाऱ्या संस्थेने मांडला होता. वाढवली तरी आमचं शेपूट बाहेरच. शहरात लोक या ट्रकांना 'यँक टँक' म्हणून नाकं मुरडतात. गॅरेजमध्ये तो मावेना, म्हणून माझी पापड-लोणच्यांची फळी काढून पाहिली, तरी दार लागेना. मग फळी पुन्हा लावून घेतली आणि हत्ती अंगणात बांधला.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पुढचं सांगताना अजून हात थरथरतो.

यांना बागेत न्यायला दुसरं कोणी आलं, की ट्रक घरी राहायचा आणि मी त्यातून मुलांना शाळेत सोडून माझ्या शाळेत जायची. त्या सकाळी उशीर झाला होता. थोरला मागे बसला. धाकटीचं दार लागल्याचा आवाज आला, म्हणजे ती बसली असं मी धरून चालले. इंजिन चालू केलं, गिअर टाकला, ब्रेकवरचा पाय उचलायचा तेवढा राहिला होता. थोरला म्हणाला, "आई, ही कुठंय?"

मी आरशात पाहिलं, बाजूला पाहिलं. समोर पाहिलं तर मोकळं अंगण आणि फाटक. खाली उतरून पुढे गेले. धाकटी ट्रकच्या नाकापुढे उकिडवी बसली होती. टोपी पडली होती, ती उचलून तिची नाडी बांधत होती. इथे उन्हामुळे टोपीशिवाय शाळेत बाहेर खेळू देत नाहीत, म्हणून तिची ती धडपड. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "झालंच आई." दार तिने उतरून लावलं होतं.

त्या दिवशी आम्ही पायी शाळेत गेलो.

संध्याकाळी हे आल्यावर मी काही न बोलता मोजपट्टी आणि बादली आणली. मी चालकाच्या जागी बसले. माझी उंची पाच फूट, आणि ट्रकचं पुढचं नाक माझ्या छातीच्या वर. धाकटीला समोर उभं केलं. नाकाला चिकटून उभी राहिली तर दिसतच नव्हती. दोन पावलं मागे गेली तेव्हा केसांची रिबन दिसली. मग तिच्याऐवजी दोन बादल्या एकावर एक उपड्या ठेवल्या, ती बसते तेवढ्या उंचीला. त्या मागे सरकवत नेल्या. दहा फुटांवर गेल्या तेव्हा वरच्या बादलीची कड दिसली. दहा फूट! त्या जागेत बालवाडीचा एक वर्ग बसेल. मग हे बसले. ते उंच आहेत, त्यांना थोडं आधी दिसलं. एकच गाडी, पण चालवणारी बाई बुटकी असली तर आंधळी जागा वाढते.

नंतर वाचलं, की अमेरिकेतल्या वाहनसुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या विमा संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांचे सुमारे अठरा हजार अपघात तपासले. ज्या गाडीचं नाक ४० इंचांहून उंच, तिच्या धडकेत माणूस दगावण्याचा धोका ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा ४५ टक्क्यांनी जास्त निघाला. उंच नाक पायांना लागत नाही, थेट छातीला लागतं. आणि मूल असेल तर डोक्याला.

तुमच्याकडे अमेरिकन ट्रक नसेल. पण उंच नाकाच्या गाड्या आता आपल्या गावांतल्या बोळांतूनही फिरतात, आणि मुलं त्याच बोळांत खेळतात. एका संध्याकाळी स्वतः चालकाच्या जागी बसा आणि कोणाला तरी समोर बादली सरकवायला सांगा. मागे तर पाहाच, कॅमेरा मागे असतो म्हणून पुढचं कोणी पाहत नाही.

आमच्या घरी तेव्हापासून काही गोष्टी ठरल्या. फाटकाजवळ, ट्रकच्या बाजूला पण नजरेत राहील अशी, मी रांगोळीची रेघ काढली. ट्रक हलेपर्यंत मुलांनी त्या रेघेपलीकडे थांबायचं, किंवा मग आत बसून पट्टा लावायचा. मधेअधे कुठेही नाही. रांगोळी वाऱ्याने पुसायची, म्हणून यांनी तिथे पांढरा रंग मारला. समोर एक छोटा कॅमेराही बसवून घेतला, पण बागांतल्या धुळीने त्याची काच दोन दिवसांत माखते, म्हणून माझा भरवसा पायांवर. बसण्याआधी ट्रकला एक प्रदक्षिणा घालायची, मग किल्ली. शेजारची मुलं आम्हाला हसायची. आता खेळताना ट्रकचा आवाज आला, की तीही पळत येऊन रेघेपलीकडे उभी राहतात.

आणखी एक केलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर वर्षभर, ट्रेलर जोडला त्या दिवसाला टिकली लावली. वर्षअखेरी मोजल्या तर ७४ टिकल्या. उरलेले २९१ दिवस हत्ती नुसता भाजी, दूध आणि दप्तरं वाहत होता. मी कॅलेंडर यांच्यापुढे ठेवलं. ट्रक विका असं मी म्हटलं नाही. ऊयेनच्या रस्त्यावरून आलेला यांचा चेहरा मी विसरलेले नाही, त्या ७४ दिवसांसाठी तो हवाच. यांनी टिकल्या स्वतः पुन्हा मोजल्या, कारण माझ्या मोजणीवर यांचा विश्वास नसतो. मग म्हणाले, "तुझ्यासाठी लहान गाडी बघू या."

गेल्या महिन्यात आली. जुनीच आहे, पाच दारांची, रंग उडालेला. तिचं नाक माझ्या कमरेच्याही खाली आहे. भाजीच्या दुकानापुढे ती उभी केली तर मागे-पुढे जागा उरते, आणि मी उगाचच मागे वळून ती पाहते. ट्रक आता कामाच्या दिवशीच निघतो, द्राक्षांच्या हंगामात तर पहाटे पाचला. त्याआधी हे बॅटरी घेऊन त्याच्याभोवती एक फेरी मारतात, पुढे वाकून नाकाखाली पाहतात. मुलं आत झोपलेली असतात, हे त्यांनाही ठाऊक असतं.