एकशे बहात्तरावा दिवस

लवादाने निकाल द्यावा आणि त्याची शाई वाळण्याआधीच हरलेल्या पक्षाने त्या लवादाला नारळ द्यावा, असे वारंवार घडत नाही. २३ डिसेंबर १९७५ रोजी पीटर सायट्झ यांच्या बाबतीत ते घडले. अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचे संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील तक्रारी ऐकण्यासाठी दोन्ही बाजूंच्या संमतीने नेमलेले हे गृहस्थ. खेळाडूने सही केली नाही तरी त्याचा करार एक वर्षासाठी वाढवण्याचा हक्क मालकाला देणारे एक कलम प्रत्येक करारात असे. ते वर्ष संपले की दरवर्षी नव्याने तेच कलम लावायचे आणि खेळाडूला जन्मभर बांधून ठेवायचे, ही मालकांची जुनी रीत. सायट्झ यांनी सांगितले की वाढ एकाच वर्षाची, त्यानंतर खेळाडू मोकळा. फ्री एजन्सी म्हणून ओळखली जाणारी व्यवस्था या निकालातून जन्मली. तिला डिसेंबर २०२५ मध्ये पन्नास वर्षे झाली.

हा मुहूर्तही नेमका आहे. डिसेंबरात मैदाने ओस असतात आणि बेसबॉलचे रसिक शेकोटीभोवतीच्या गप्पांत रमतात. कोण गेला, कोण आला, कितीला आला. या गप्पांना तिकडे ‘हॉट स्टोव्ह’ असेच नाव आहे. त्यात दोन भांडणे दरवर्षी ठरलेली. पहिले, आपल्या संघाने वाढवलेला खेळाडू पैशांसाठी दुसरीकडे गेला, त्याला निष्ठा म्हणून काही आहे की नाही? दुसरे, व्यवस्थापनाने चांगले खेळाडू विकून ‘रिबिल्ड’ मांडला आहे, म्हणजे तीन-चार वर्षे हरायचे, कोवळी पोरे गोळा करायची आणि मग जिंकायचे. तर हे शहाणपण की फसवणूक? रसिक ही दोन वेगळी भांडणे समजून भांडतात. आमच्या मते भांडण एकच आहे आणि ते खेळाडूच्या उमेदीच्या वर्षांवर मालकी कोणाची, याचे आहे.

बांधून ठेवण्याची ही पद्धत १८७९ साली नॅशनल लीगच्या मालकांनी आपसात ठरवून सुरू केली. पुढे १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीविरोधी कायद्यातून बेसबॉलला सूट दिली आणि मालकांच्या डोक्यावर छत्र धरले गेले. त्या छत्राला हात घालणारा माणूस म्हणजे कर्ट फ्लड. सेंट लुइस कार्डिनल्सकडून बारा वर्षे खेळलेला, वर्ल्ड सिरीज हे अजिंक्यपद दोनदा जिंकलेला, सेंटर फील्डमध्ये ज्याच्या हातून चेंडू सुटणे ही बातमी व्हावी असा खेळाडू. १९६९ च्या ऑक्टोबरात त्याला न विचारता फिलाडेल्फियाला धाडण्यात आले. नाताळच्या आदल्या दिवशी त्याने कमिशनर बॉवी कून यांना पत्र लिहून कळवले की आपण कोणाच्या मालकीची वस्तू नाही आणि इतर संघांचे प्रस्तावही आपल्याला ऐकायचे आहेत. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाने अशी भाषा करावी, हे अनेकांना झोंबले. इतका पैसा मिळूनही तक्रार कसली, असे विचारणारे वर्तमानपत्रांत होते, तसेच ते स्टँडमध्येही होते.

फ्लड न्यायालयात गेला. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला जॅकी रॉबिन्सन आला, हँक ग्रीनबर्ग आला, दोघेही निवृत्त. त्या काळी खेळत असलेला एकही खेळाडू कोर्टाची पायरी चढला नाही. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याच्या विरोधात निकाल दिला. निकालपत्रात न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी बेसबॉलच्या ऐंशीहून अधिक जुन्या दिग्गजांची नावे प्रेमाने उद्धृत केली, ही सूट विसंगत असल्याचेही मान्य केले आणि ती दूर करणे संसदेचे काम म्हणून हात झटकले. (खेळावरचे प्रेम न्यायबुद्धीला कसे गुंगवते, याचा याहून चांगला नमुना शोधून सापडणार नाही.) तोवर फ्लडची कारकीर्द संपली होती. १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून जेमतेम तेरा सामने खेळून तो बाहेर पडला होता. खेळाडूंपुरती ती सूट काढून घेणारा, त्याच्या नावाचा कायदा झाला १९९८ मध्ये. फ्लड त्याच्या आदल्या वर्षी गेला.

जे फ्लडला न्यायालयात साधले नाही, ते मार्विन मिलर यांनी लवादाच्या टेबलावर साधले. पोलाद कामगारांच्या संघटनेतून १९६६ मध्ये खेळाडूंच्या संघटनेत आलेल्या या माणसाने आधी लवादाची तरतूद पदरात पाडून घेतली आणि मग योग्य प्रकरणाची वाट पाहिली. लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर अँडी मेसरस्मिथ १९७५ चा पूर्ण मोसम सही न करता खेळला. आपल्याला परस्पर दुसरीकडे धाडणार नाही, एवढे एक वाक्य त्याला करारात हवे होते; क्लबने ते दिले नाही. मालक मोठा आकडा दाखवून त्याला ऐनवेळी फोडतील, ही मिलर यांना भीती. म्हणून त्यांनी दुसरे नाव जोडले, डेव्ह मॅकनॅली. बाल्टिमोर गाजवून माँट्रियलला गेलेला हा पिचर मोसमाच्या मध्यावरच खेळ सोडून माँटानातील बिलिंग्ज या आपल्या गावी परतला होता. त्याला आता कोणाकडूनही खेळायचे नव्हते. माँट्रियलचे अध्यक्ष त्याला गाठायला बिलिंग्जपर्यंत गेले. सराव शिबिराला नुसती हजेरी लावलीस तरी २५ हजार डॉलर तुझे, पुढे करार १ लाख २५ हजारांचा, असा देकार होता. ज्याचा स्वतःला काडीचा उपयोग नाही अशा हक्कासाठी मॅकनॅलीने तो नाकारला. निष्ठेचे पोवाडे गाणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा.

सायट्झ यांच्या निकालानंतर मालकांनी दोन न्यायालयांत दाद मागितली आणि दोन्हीकडे ते हरले. पुढचा भाग मात्र मालकांच्या आणि रसिकांच्याही नजरेतून निसटतो. ओकलंडचे विक्षिप्त मालक चार्ली फिनली यांनी सुचवले होते की सगळ्याच खेळाडूंना दरवर्षी मोकळे करून टाका. मिलर यांच्या पोटात गोळा आला तो हे ऐकून. शेकडो पिचर एकाच वेळी बाजारात उतरले तर भाव कोसळणार, हे त्यांना कळत होते. इतर मालकांना कळले नाही. १९७६ च्या करारात ठरले की सहा वर्षांच्या सेवेनंतर खेळाडू मोकळा होईल. दरवर्षी थोडेच खेळाडू बाजारात, म्हणून त्यांना भाव. आणि पहिली सहा वर्षे क्लबची. तेव्हा सरासरी वेतन ५० हजार डॉलरच्या घरात होते, आज ते ५० लाखांच्या घरात आहे. आता बाजारात हुआन सोतोला मेट्सकडून पंधरा वर्षांचे ७६.५ कोटी डॉलर मिळतात आणि शोहेई ओतानीला डॉजर्सकडून दहा वर्षांचे ७० कोटी, त्यांतले ६८ कोटी पुढे सावकाश द्यायच्या बोलीवर. हे आकडे पाहून डोळे फिरणे साहजिक आहे. पण त्यामुळे खेळाची रया गेली, हा आरोप इतिहासाला धरून नाही. श्रीमंत संघ सगळे जिंकतील, ही भीती मालक १९७५ मध्येही घालत होते. खेळाडू बांधलेले होते त्या काळात, १९४९ ते १९६४ या सोळा वर्षांत, अमेरिकन लीगचे विजेतेपद यांकीजनी चौदा वेळा जिंकले. उलट या शतकातील २००१ पासूनच्या पंचवीस मोसमांत सोळा वेगवेगळे संघ वर्ल्ड सिरीज जिंकले. डॉजर्सनी २०२५ मध्ये सलग दुसऱ्यांदा ती जिंकली, तर तसे २००० नंतर प्रथमच घडले.

तेव्हा चिंता बाजाराच्या आधीच्या सहा वर्षांची करावी. कारण रिबिल्ड नावाची सारी चाल त्या सहा वर्षांवर उभी आहे. तरुण खेळाडू पहिली तीन वर्षे किमान वेतनाच्या आसपास राबतो, पुढची तीन लवादाने ठरवलेल्या पगारावर, आणि बहुधा शरीर ऐन भरात असते तेही याच काळात. हुशार व्यवस्थापकाच्या हे ध्यानात येते की स्वस्त वर्षे गोळा करावीत आणि महाग वर्षे दुसऱ्याच्या गळ्यात मारावीत. शिकागो कब्जचा क्रिस ब्रायंट हे याचे ठसठशीत उदाहरण. २०१५ चा मोसम सुरू झाला तेव्हा तो तयार होता, हे शिकागोतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. क्लबने मात्र त्याला क्षेत्ररक्षण सुधारायचे कारण देऊन काही दिवस मायनर लीगमध्ये ठेवले. मेजर लीगमधील सेवेचे एक वर्ष भरायला १७२ दिवस लागतात. ब्रायंटचे भरले १७१. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढच्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याची मोकळीक एका दिवसापायी पूर्ण वर्षभर लांबली. त्याने तक्रार केली, २०२० मध्ये ती फेटाळली गेली. नियमात बसणारे होते, इतकेच. त्याच ब्रायंटला २०२१ च्या जुलैत क्लबने दुसऱ्या संघाला दिले, रिझो आणि बाएझ यांच्या सोबतीने, एकाच आठवड्यात. वर्ल्ड सिरीजचा १०८ वर्षांचा दुष्काळ संपवणाऱ्या संघाचे हे तिघे कणा होते. त्या आठवड्यात निष्ठेचा प्रश्न कब्जच्या मालकांना फारसा कोणी विचारला नाही.

रिबिल्ड यशस्वी होतो, याचा दाखला म्हणून ह्यूस्टन ॲस्ट्रोजचे नाव घेतले जाते. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत ॲस्ट्रोज अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने हरले. २०१३ मध्ये त्यांच्या एका सामन्याचे टीव्ही रेटिंग शून्य भरले. २०१७ मध्ये ते विजेते झाले. प्रतिस्पर्ध्यांचे संकेत चोरल्याचा डाग त्या विजेतेपदाला नंतर लागला, तो वेगळा विषय. पण त्या संघाचा प्राण असलेला होसे अल्तूवे हरण्याच्या पर्वाआधीच, २००७ मध्ये, व्हेनेझुएलातून किरकोळ रकमेत घेतलेला होता. तळाच्या संघाला नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळे; अशा हरून मिळालेल्या तीन पहिल्या निवडींपैकी कार्लोस कोरेया तेवढा फळला. मार्क अपेल ॲस्ट्रोजकडून एकही सामना खेळला नाही, तर ब्रेडी एकनशी करारच झाला नाही. शेवटचा जोर आला तो जस्टिन व्हरलँडरला भरघोस पगारासह आणल्यावर. कब्जनीही पडत्या काळातून वर येताना जॉन लेस्टरला १५.५ कोटी डॉलर मोजले होते. म्हणजे हरणे हा रिबिल्डचा सोपा अर्धा भाग. उरलेला अर्धा मालकाच्या खिशातून येतो.

तो दुसरा अर्धा भाग गाळला की काय होते, हे त्याच शिकागो शहरात दक्षिणेकडे पाहावे. तिथल्या व्हाइट सॉक्सने डिसेंबर २०१६ मध्ये आपला अव्वल पिचर क्रिस सेल बोस्टनला दिला आणि बदल्यात होतकरू पोरे घेतली. सगळीकडे वाहवा झाली. दोन वर्षांनी मॅनी मचाडो हा बडा खेळाडू मोकळा झाला तेव्हा रसिकांना वाटले, आता मालक हात सैल सोडणार. मचाडोच्या मेहुण्याला आणि जवळच्या मित्राला संघात घेऊनही झाले होते! पाहुणे जमले, नवरदेव सॅन डिएगोला गेला. तिकडे त्याला ३० कोटी मिळाले. फ्री एजंटसाठी व्हाइट सॉक्सने उघडलेली सर्वांत मोठी थैली २०२५ पर्यंत साडेसात कोटींचीच होती. २०२० आणि २०२१ मध्ये संघ प्लेऑफला गेला, पहिल्याच फेरीत बाद झाला, आणि २०२४ मध्ये १२१ सामने हरून आधुनिक बेसबॉलमधील नीचांक त्याने आपल्या नावे केला. त्याच वर्षी पस्तिशीतल्या क्रिस सेलने अटलांटाकडून नॅशनल लीगमधील सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला. त्यानंतर तिथे नवा रिबिल्ड सुरू झाला. मुद्दाम हरण्याला आळा बसावा म्हणून २०२२ च्या करारात आलेल्या लॉटरीच्या नियमांमुळे या १२१ पराभवांचे बक्षीस म्हणून त्यांना ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळाली नाही, मिळाली दहावी. २०२५ मध्ये पोप झालेले लिओ याच संघाचे जुने चाहते निघाले. रसिकांना एवढाच काय तो दिलासा.

हे सगळे आपल्याला अगदीच परके नाही. २०२४ च्या आयपीएलमध्ये रोहित शर्माच्या जागी कर्णधार म्हणून आलेल्या हार्दिक पांड्याची वानखेडेवर जी हुर्यो उडवली गेली, ती ऐकलेल्याला शिकागोतला संताप समजावून सांगावा लागणार नाही. निर्णय व्यवस्थापनाचा होता, शिव्या खेळाडूच्या वाट्याला आल्या. फरक एवढाच की आयपीएलच्या लिलावात खेळाडू कुठे जाणार हे बोली ठरवते, तर बेसबॉलचा फ्री एजंट समोर आलेल्या प्रस्तावांतून स्वतः निवडतो. सायट्झ यांनी दिलेली गोष्ट हीच.

पिट्सबर्ग पायरेट्सचा पिचर पॉल स्कीन्स २०२५ मध्ये साय यंग पुरस्काराचा मानकरी ठरला, एकमताने. त्याच्या गोलंदाजीवर नऊ डावांमागे सरासरी दोन धावाही निघाल्या नाहीत, तरी त्याच्या नावावर विजय दहा आणि पराभवही दहाच, कारण फलंदाजी त्याच्या पाठीशी उभी राहिली नाही. पायरेट्स आपल्या गटात शेवटचे आले. २०२९ नंतर स्कीन्स मोकळा होईल, आणि तिथले रसिक आत्तापासून वर्षे मोजत आहेत. तो जाईल तेव्हा त्याला विश्वासघातकी म्हणण्यापूर्वी, हाती असलेल्या या स्वस्त वर्षांत क्लबने त्याच्याभोवती काय उभे केले, हे विचारले गेले पाहिजे. पिट्सबर्गचा प्रेक्षक ते विचारू लागला आहे. ‘टीम विका’ ही घोषणा २०२५ मध्ये त्यांच्या मैदानावर घुमली, आणि ती खेळाडूंना उद्देशून नव्हती.

मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २०२२ च्या कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ पर्यंतची, आणि डॉजर्सच्या खर्चाकडे बोट दाखवून पगारांवर कमाल मर्यादा घालण्याची भाषा आत्ताच कानी येत आहे. १९९४ मध्ये याच मागणीवरून संप झाला आणि वर्ल्ड सिरीज रद्द करावी लागली. कमाल मर्यादेची चर्चा करायचीच असेल तर किमान खर्चाचीही व्हावी, आणि सेवेच्या सहा वर्षांची तर आधी व्हावी. शिवाय लहान शहरांतील क्लबांना परवडत नाही, हे मालकांचे म्हणणे कोणत्या कागदांवरून मानायचे? तीस क्लबांपैकी अटलांटा ब्रेव्हजची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्यामुळे तिचे हिशेब दर तिमाहीला कोणालाही वाचता येतात. पिट्सबर्ग आणि व्हाइट सॉक्सच्या मालकांनीही वाटाघाटींना बसण्यापूर्वी आपल्या वह्या तशाच उघड्या कराव्यात.